कॉमिक काढणाऱ्याने गच्चीवर किती कुंड्या ठेवाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सोलापूर शहरातल्या ‘जुळे सोलापूर’ या भागात राहतात, दिवसा एका छपाईखान्यात डिझाइनचं काम करतात आणि रात्री स्वतःचं कॉमिक काढतात. गच्चीवर साठेक कुंड्या आहेत. नोकरी सोडून पूर्णवेळ कॉमिकच करावं असं मनात आहे, पण घरचे म्हणतात, चित्रं तरी काढ नाहीतर झाडं तरी लाव, दोन्ही काही होणार नाही. त्यांना विचारायचंय की दोन्ही करणाऱ्याचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, बागेचा चित्राला काही उपयोग होतो की ती काम टाळायची सबब ठरते, सोलापूरच्या उन्हापाण्यात हे जमवायचं कसं, आणि पैशांचं काय.

दोन्ही होतं. साठ कुंड्यांनी मात्र होत नाही.

मी सोलापुरातच राहून चित्रकथा आणि व्यंगचित्रं काढते. त्याआधी बरीच वर्षं चादरीच्या कारखान्यात ग्राफवर नक्षी उतरवायचं काम केलं. झाडांचा नाद त्याही आधीचा. तेव्हा पुढे जे सांगते ते इथल्याच उन्हात तपासलेलं आहे. गच्चीवरच्या बागेचे जे व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक पुण्या-मुंबईचे असतात, ते जरा बाजूला ठेवा. तिथला पाऊस आपल्याला नाही. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तर चांगलं वर्ष, आणि त्यातही भरवशाचा महिना म्हणजे सप्टेंबर. मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि दुपारी गच्चीवर अनवाणी पाऊल टाकवत नाही.

झाडांना तुमची डेडलाइन कळत नाही. दहा इंची कुंडीतल्या जास्वंदीचं मेमध्ये एक दिवस पाणी चुकलं की पानं लोंबतात, दोन दिवस चुकलं की कळ्या गळतात. त्याच दोन दिवसांत संपादकाचे फोन सुरू असतात. म्हणून कुंड्यांचा आकडा हौसेवर ठरवायचा नाही, वर्षातल्या सगळ्यात वाईट आठवड्यावर ठरवायचा. तो आठवडा डोळ्यांसमोर आणा: पानं द्यायची आहेत, नळाला पाणी चौथ्या दिवशी आलंय, घरात पाहुणे आहेत. त्या आठवड्यातसुद्धा सकाळच्या अर्ध्या तासात ज्यांचं सगळं उरकतं, तेवढ्या कुंड्या तुमच्या. माझ्या हिशेबाने एकट्या माणसाला पंधरा ते वीस. घरात मदतीला कुणी असेल तर पंचवीस. त्यापुढे बाग तुम्हाला पाळते.

आता दिवस. सकाळी उजाडलं की मी गच्चीवर जाते ती फक्त पाणी घालायला आणि बघायला. कुठे मावा पडलाय, कुठल्या फांदीच्या बेचक्यात पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस दिसतोय, कारल्याच्या वेलाने रात्रीत कुठे हात टाकलाय, एवढंच. सकाळी सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, खुरपं, कुदळ यांना हात लावायचा नाही. हा माझ्या घरातला सगळ्यात कडक नियम आहे आणि तुम्ही शाईने काम करत असाल तर तुमच्याही घरात असू द्या. कारण साधं आहे. घट्ट मूठ आवळून वीस मिनिटं फांद्या छाटल्या, किंवा भरलेल्या कुंड्या इकडच्या तिकडे केल्या, की पुढचा तासभर बोटांना बारीक कंप राहतो. पेन्सिलीत तो खपून जातो, निबच्या लांब रेषेत लगेच दिसतो. शिवाय आपलं काम करणाऱ्यांना अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात दुखणं लागतं ते एकच हालचाल पुन्हा पुन्हा केल्याने. सिकेटर नेमका त्याच अंगठ्यावर जोर मागतो. सकाळी छाटणी आणि मग चार तास इंकिंग, म्हणजे शाईने रेषा पक्क्या करणं, हा त्या दुखण्याला दिलेला आमंत्रणाचा कागद आहे.

म्हणून सकाळचा ताजा हात शाईला. साधारण आठ ते बारा. मार्चपासून पुढे इथली हवा इतकी कोरडी असते की निबवरची शाई कागदाला टेकायच्या आधीच सुकायला लागते. जवळ ओलं फडकं ठेवायचं आणि दर दोन-तीन रेषांनी निब पुसायचा. पंखा डोक्यावर नको, पायांकडे टेबलफॅन लावा. तळहाताखाली जाडसर कोरा कागद हवा, कारण घामाचा डाग वाळलेल्या कागदावर दिसत नाही आणि रंग लावला की उमटतो. टॅब्लेटवर काम करत असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. पण हाताच्या कंपाचं लागू आहेच.

दुपारी मी स्कॅनिंग, अक्षरं, पत्रव्यवहार असं डोक्याचं कमी आणि बुडाचं जास्त काम करते. काळी-पांढरी रेषा सहाशे डीपीआयला स्कॅन करायची. अक्षरांचं एक सांगून ठेवते, कारण नवीन मुलं हमखास उलटं करतात: आधी मजकूर लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, त्यामुळे इंग्रजी कॉमिक बघून काढलेल्या फुग्यात मराठी ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसतात. फाँट लागला तर मुक्त आणि बलू हे ‘एक टाइप’ या संस्थेचे फाँट मोफत परवान्याचे आहेत, छापायलाही चालतात.

माती, खत, छाटणी, कुंड्या बदलणं, सगळं संध्याकाळी ऊन कलल्यावर. तेव्हा हात थकला तरी बिघडत नाही.

या सगळ्यावर कुरघोडी करतो तो पाण्याचा दिवस. आपल्याकडे नळाला तीन-चार दिवसांआड पाणी, आणि येण्याची वेळ कधी पहाटेची तर कधी रात्रीची. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही, पण सोलापुरातल्या फ्रीलान्सरचा आठवडा सोमवार ते रविवार असा नसतोच, एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत असतो. पाण्याच्या दिवशी मी इंकिंग ठेवतच नाही. त्या दिवशी थंबनेल म्हणजे पानांचे छोटे कच्चे आराखडे काढते, संवाद खोडते, संदर्भ जमवते. मध्येच उठून मोटर लावली, टाकी बघितली, बादल्या भरल्या तरी तुटत नाही असं काम. पाणी आलं म्हणून अर्ध्या फ्रेमवरून उठलात तर परत येईपर्यंत ब्रश वाळतो आणि रेषेची लयही गेलेली असते.

बाग ही सबब ठरते का? ठरते, वारंवार ठरते. ती ओळखायची एक खूण आहे. चौथी फ्रेम अडली म्हणून रिकाम्या हाताने गच्चीवर गेलात, पाच मिनिटं उभे राहिलात, खाली आलात, तर ती विश्रांती. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात तसं वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघणं त्यात आपोआप होतं, आणि समोरच्या वाड्यातला कडुनिंब वीस फुटांहून लांबच असतो. पण जाताना हातात खुरपं घेतलंत तर तुम्ही कामातून पळालात. कामाच्या वेळेत हत्यार उचलायचं नाही. पाने पिवळी पडली असोत, कुंडी फुटलेली असो, संध्याकाळपर्यंत थांबते.

आता उपयोगाचं. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण बागेमुळे मन शांत होतं वगैरे सगळेच सांगतात. माझं मन काही फार शांत झालेलं नाही. बागेमुळे माझी झाडं सुधारली, कागदावरची.

आपल्याकडच्या तरुणांची कॉमिक उघडून बघा. गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या मोहोळ गावची, बोली अस्सल, माणसं ओळखीची, आणि मागे झाड कसलं? वरून निमुळतं, खाली पसरट, बर्फाळ देशातलं. नाहीतर गोल लॉलीपॉप. अंगणाला पांढऱ्या फळ्यांचं कुंपण. हे आळसाने होत नाही, ज्या चित्रांवर आपला हात घडला त्या चित्रांतून ते येतं. त्याला उतारा एकच, रोज डोळ्यांसमोर असलेली पाच-सहा झाडं हाताला पाठ करणं. बाभळीची छत्री वरून सपाट असते आणि तिच्यातून आभाळ दिसतं. कडुनिंब भरगच्च, पण खालची कड झालरीसारखी. शेवग्याचं झाड रेघारेघांचं, त्याला सावलीच धड नसते. चिंचेखाली काळोख असतो. हे चार आकार नुसत्या काळ्या छायेत काढता आले तर वाचकाला गाव कुठलं हे खाली लिहावं लागत नाही.

मला हे चादरीने शिकवलं. जॅकार्ड मागावर विणायची नक्षी आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढायची, मग त्यावरून कार्डांना भोकं पडायची आणि त्या भोकांप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जायचे. ग्राफवर अर्धा चौकोन नसतो. मोराची मान असो की कमळाची पाकळी, ती पायऱ्यापायऱ्यांनीच उतरवायची, आणि तरीही खोलीच्या दुसऱ्या टोकावरून मोर मोरच दिसला पाहिजे. तिथे कळलं की वस्तू ओळखू येते ती तिच्या बाहेरच्या कडेने, आतल्या तपशिलाने नव्हे. झाड काढताना नवशिका पान पान काढत बसतो. पानांचे पुंजके करा, पुंजक्यांच्या कडा पाच-सहा ठिकाणी नीट पानांच्या काढा, आतला भाग एक तर काळा सोडा नाहीतर पांढरा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागची पांढऱ्या बाराबंदीतली, म्हणजे बंदांच्या अंगरख्यातली, गर्दी काढायलाही हीच रीत चालते: कडेची चार डोकी नीट, आत नुसती पांढरी लाट.

कुंडीतल्या झाडाचा आणखी एक फायदा आहे जो बाहेरच्या झाडात नाही. ते तुम्ही रोज एकाच जागेवरून बघता. कॉमिकमध्ये काळ पुढे सरकल्याचं दाखवायला आपण ‘दोन महिन्यांनंतर’ अशी पट्टी टाकतो. खिडकीतल्या एका कुंडीने तेच काम होतं. पहिल्या पानावर दोन पानांचं रोप, पाचव्या पानावर काठीला टेकलेलं, नवव्यावर काठी तीच आणि रोप वाळलेलं. हे खोटं काढता येत नाही. दोडक्याचा वेल आठव्या दिवशी कुठवर जातो, टोमॅटोचं रोप मान कुठे टाकते, सुकलेलं पान आधी कडेने वळतं की देठाकडून, हे ज्याने पाहिलंय त्याची फ्रेम वेगळी दिसते. दर आठवड्याला एका ठरलेल्या कुंडीचं दोन इंची रेखाटन करत जा, वहीत तारखेसह. हाच तुमचा संदर्भसंग्रह, आणि त्यावर कुणाचा हक्क नाही.

सावल्यांचंही तसंच. सोलापूर साधारण साडेसतरा-पावणेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. कुंडीची सावली कुंडीच्या बुडाखाली जाते. माणसाच्या चेहऱ्यावर कपाळ उजळ आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, नाकाची सावली ओठांवर पडते. आपल्या गावातली दुपार काढायची तर ती अशी. परदेशी चित्रांतली तिरपी लांब सावली आपल्याकडे सकाळ-संध्याकाळची. मेमधला एक दिवस बारा ते एक गच्चीवर छत्री घेऊन बसा आणि फक्त सावल्या उतरवा. त्यानंतर ताक प्या.

रंगीत काम छापायला जाणार असेल तर हिरव्याची एक सूचना. पडद्यावर जो पोपटी-हिरवा झळाळतो तो चार रंगांच्या छपाईत येतच नाही, मळकट होतो. तुम्ही छपाईखान्यातच आहात, म्हणजे हे तुमच्या नजरेत असणारच. मी पानांचा रंग पडद्यावर ठरवत नाही, छापलेल्या रंगपट्टीवर ठरवते. आणि सोलापूरचा हिरवा तसाही झळाळणारा नाही, त्यावर धूळ असते. थोडा किरमिजी घातला की तो आपोआप इथला होतो.

झाडं कुठली ठेवायची? जी डेडलाइन सहन करतात ती. माझ्या मते पहिला मान डाळिंबाचा. ते या मातीचंच आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावला उगाच नाही. बागायतदार बहार धरण्याआधी झाडाला मुद्दाम पाण्याचा ताण देतात, पानगळ होऊ देतात, मग पाणी सोडलं की फुटवा आणि कळी येते. ज्या झाडाला उपाशी ठेवणं हाच शेतीचा भाग आहे, ते तुमच्या एका वाईट आठवड्याने काय मरणार? मोठ्या ड्रमात ‘भगवा’ जातीचं एक डाळिंब लावा. कुंडीतला ताण शेतातल्याइतका लांबवायचा नाही एवढं लक्षात ठेवा. त्यानंतर बोगनवेल, ती पाणी कमी पडलं की उलट जास्त फुलते. सदाफुली, कोरफड, अडेनियम, गवती चहा, कढीपत्ता. मोगरा हवाच, थंडी संपता संपता छाटला की उन्हाळाभर फुलं देतो आणि टेबलावर वाटीत चार कळ्या ठेवल्या की शाईच्या वासावर उतारा पडतो. कण्हेर सोशिक आहे पण सगळीच्या सगळी विषारी, घरात लहान मूल असेल तर नको.

न सोसणारी: फर्न, गुलाब, मेमधली कोथिंबीर-मेथी. टोमॅटो मधला आहे. त्याला पाणी एक दिवस भरपूर आणि तीन दिवस काही नाही असं झालं की फळाचं बूड काळं पडतं, कारण पाण्याबरोबरच कॅल्शियम वर जातं आणि ते तुटतं. लोक औषध फवारत बसतात. पाण्याचा नेम सुधारा किंवा टोमॅटो फक्त हिवाळ्यात लावा. मिरचीची पानं आकसून चुरगळली तर तो बहुधा फुलकिडे, कोळी किंवा पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूचा प्रताप असतो. विषाणू असेल तर रोप बरं होत नाही, उपटा. पिठ्या ढेकणाला मात्र सुरुवातीला लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण पुरतो. संध्याकाळी फवारा, उन्हात नाही.

मातीबद्दल एवढंच की शेतातली काळी माती पोतं भरून आणून तशीच कुंडीत घालू नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. मुळं कोरडीच. एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट किंवा भरड वाळू असं करा. वर आच्छादन घाला. उसाचं पाचट जिल्ह्यात कुठेही मिळतं, आणि शेंगाच्या चटणीच्या गावात शेंगांची टरफलं मिळत नाहीत असं कुणी म्हणू नये. कुंड्या विटांवर ठेवा, तापलेल्या गच्चीला टेकवू नका. एप्रिल-मेमध्ये पन्नास टक्क्यांची शेडनेट लागतेच. मोठ्या कुंडीत एक कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं की ते पाझरत राहतं आणि पाण्याच्या दोन दिवसांमधलं अंतर निभावतं. आपल्या जड पाण्याने त्याची छिद्रं हळूहळू बुजतात, तेव्हा वर्षा-दीड वर्षाने मडकं बदला.

ओळखीच्या एकाने जुन्या माळवदावर, म्हणजे मातीच्या धाब्यावर, कुंड्या मांडल्या होत्या. तसलं काही करू नका. माळवद सोडाच, स्लॅबवरसुद्धा जड ड्रम तुळईवर किंवा भिंतीच्या रेषेत ठेवा.

कुठलं पाणी चालतं हे सोलापुरात विचारायलाच हवं. डाळ-तांदूळ धुतलेलं चालतं. एसीचं चालतं, त्यात क्षार नसतात. कूलरच्या टाकीत उरलेलं चालत नाही, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, दिवसागणिक ते घट्ट होत जातं. पानांच्या कडा करपल्या आणि कुंडीवर पांढरा थर आला की तेच समजा. बोअरचं पाणी असेल तर पावसाळ्यात कुंड्या भरभरून धुऊन निघू द्या. आणि आपल्या धंद्यातलं खास: ब्रश धुतलेलं पाणी कुंडीत ओतू नका. अॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिक आहे, आणि काही रंगांत कॅडमियमसारखे जड धातू असतात. कढीपत्त्याच्या कुंडीत तर मुळीच नाही.

घरच्यांना जे सांगायचं ते हे, आणि मला वाटतं तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर यातच आहे. सोलापुरात ही दोन्ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत, कारण त्यांच्या धावपळीचे हंगाम वेगळे आहेत. मराठीत चित्रकाराचा सुगीचा काळ दिवाळी अंकांचा. 1909 साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे वेळापत्रक बहुतेक तसंच आहे: जून-जुलैत विचारणा, ऑगस्ट-सप्टेंबरात धावपळ. नेमका तेव्हा पाऊस असतो, बागेला पाणी फारसं लागत नाही. तण वाढतं, गोगलगाई येतात, वाढू देत. दिवाळीनंतर हात मोकळा होतो तेव्हा मेथी, पालक, टोमॅटो, वांगी लावायचा हंगाम असतो, आणि स्वतःच्या लांब कथेचाही तोच हंगाम, थंडीत हात चांगला चालतो. एप्रिल-मेमध्ये बागेला सगळ्यात जास्त लागतं, आणि तेव्हा कामाची मागणी सगळ्यात कमी असते. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीचं शाळा-प्रकाशनांचं काम नेमकं उन्हाळ्यात येतं, तिचं हे गणित बसत नाही. तुम्ही कुठलं काम धरता त्यावर ते आहे.

पैसे. नुसत्या कॉमिकवर सोलापुरात घर चालवणारं माझ्या पाहण्यात कुणी नाही, मीही नाही. दिवाळी अंकांचं मानधन मानापुरतंच. घर चालतं ते पाठ्यपुस्तकांची चित्रं, आरोग्य आणि शेतीच्या माहितीपत्रिका, बियाणं-ठिबकवाल्यांच्या चित्रपट्ट्या, लग्नपत्रिकांवरची अर्कचित्रं यावर. शेतीच्या माहितीपत्रिकेत तुमची कुंड्यांची अक्कल थेट विकली जाते. फळमाशी आणि पांढरी माशी वेगळी काढता येणारा चित्रकार कंपनीला सारखा सापडत नाही. नोकरी लगेच सोडू नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला आणि दोन गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा आपणहून आली, की सोडा.

हक्क देताना लिहून घ्या. 1957च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 आहे: हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं, करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. ‘सगळे हक्क कायमचे’ असं छापील वाक्य आलं तर ते खोडून, काय वापरणार आणि किती वर्षं, हे लिहा. बहुतेक जण कुरकुरत का होईना मानतात.

डेडलाइनच्या शेवटच्या चार दिवसांसाठी एक माणूस ठरवून ठेवा. माझ्या शेजारी शहराच्या पूर्व भागातून आलेल्या, पद्मशाली या तेलुगू विणकर समाजातल्या अक्का आहेत, त्या माझ्या कुंड्यांना पाणी घालतात आणि मी त्यांच्या नातवंडांची प्रोजेक्टची चित्रं काढून देते. त्या माझ्या झाडांशी तेलुगूत बोलतात, मला त्यातलं निम्मं कळतं, बहुतेक माझ्याच निष्काळजीपणाबद्दल असतं.

राहिला प्रश्न साठातल्या चाळीस कुंड्या कुठे जायच्या हा. पावसाच्या तोंडावर द्या, तेव्हा रोप नव्या जागी रुजतं. आधी जी फक्त शोभेची आणि रोज पाणी मागणारी आहेत ती काढा, मग जी तुम्ही गेल्या वर्षभरात एकदाही काढून पाहिली नाहीत, म्हणजे वहीत रेखाटली नाहीत, ती. सगळ्यात आधी गुलाब. त्यांना घेणारे लगेच मिळतात.